दोन्ही डोस घेतले, तरी कोरोना कसा होतो? आणि पुन्हा होतो का?

दोन्ही डोस झाले, सर्टिफिकेट मोबाइलमध्ये आहे, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह! मग लस घेऊन उपयोग काय, असा प्रश्न कोरोनाच्या साथीत घरोघरी विचारला जात होता.

कोविशिल्ड असो वा कोव्हॅक्सिन, लस दंडावर टोचली जाते. त्यातून तयार होणाऱ्या अँटिबॉडीज मुख्यतः रक्तात असतात. विषाणू मात्र नाकातून शिरतो आणि तिथला पहारा कमजोर असतो. त्यात काही महिन्यांत अँटिबॉडीजही कमी होतात. म्हणून संसर्ग होतो. पण लशीमुळे तयार झालेल्या स्मरणपेशी जास्त काळ टिकतात. आजार गंभीर होऊ नये, यासाठी खरं काम त्याच करतात.

आधी कोरोना होऊन गेलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. ओमिक्रॉनच्या स्पाइक प्रोटीनमध्ये 30 हून अधिक बदल आहेत. त्यामुळे जुन्या अँटिबॉडीजना तो नीट ओळखता येत नाही.

अर्थात, दुसरा पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे पुन्हा संसर्गच, असंही नाही. विषाणूचे मेलेले अवशेषही आरटीपीसीआरमध्ये सापडतात, कधी कधी कित्येक आठवडे. म्हणूनच आयसीएमआरच्या अभ्यासात दोन पॉझिटिव्ह रिपोर्टमध्ये किमान 102 दिवसांचं अंतर आणि मध्ये एक निगेटिव्ह रिपोर्ट, असा निकष ठेवला होता.

साठीपुढच्या सहव्याधीग्रस्तांना 10 जानेवारी 2022 पासून तिसरा डोस मिळू लागला. तेव्हा दुसऱ्या डोसला 9 महिने झालेले असणं आवश्यक होतं.