रक्ताचा अहवाल आणि कपाळावरचा शिक्का

माणसाच्या कपाळावर त्याच्या रक्ताची खूण गोंदवून ठेवावी, अशी सूचना कोणी केली असेल? वाचकहो, मनुस्मृतीत शोधू नका. ही सूचना १९६८ साली अमेरिकेत झाली आणि ती करणारे लायनस पॉलिंग हे दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी होते. सिकलसेलचा किंवा तसाच दुसरा एखादा जनुक अंगात असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर चिन्ह असावे, म्हणजे सारखेच चिन्ह असलेले दोघे एकमेकांना पाहताच ओळखतील आणि प्रेमात पडणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. पॉलिंग हे काही वर्णद्वेष्टे गृहस्थ म्हणून ओळखले जात नव्हते. अणुचाचण्यांविरुद्ध ते उभे राहिले, त्यांचे दुसरे नोबेल शांततेचे होते. जन्माला येणाऱ्या लेकरांच्या यातना टळाव्यात एवढाच त्यांचा हेतू. पण ज्या देशात हा जनुक मुख्यतः काळ्या माणसांत सापडत होता, त्या देशात गोंदणाची सुई कोणाच्या कपाळावर चालली असती? ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना याचे उत्तर वेगळे सांगायला नको.

ही सूचना अमलात आली नाही. परंतु तिच्यामागचा विचार अजून जिवंत आहे, आणि तो आपल्या विदर्भातल्या घराघरांत पोहोचला आहे, म्हणून हा विषय आज मुद्दाम मांडत आहोत.

या आजाराची वैद्यकीय नोंद पहिल्यांदा १९१० साली शिकागोत झाली. रोगी होता वॉल्टर क्लेमेंट नोएल, ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला काळा तरुण. जेम्स हेरिक या डॉक्टरांनी त्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या वाकड्या पेशींचे वर्णन छापले. नोएल शिकून मायदेशी परतला, तेथे त्याने व्यवसाय केला आणि १९१६ साली ऐन तारुण्यात तो गेला. त्यानंतर कित्येक वर्षे अमेरिकेतल्या वैद्यकाने हा 'काळ्यांचा आजार' ठरवून टाकला. गोऱ्या माणसात तो आढळला, की त्याच्या घराण्यात कोठे तरी काळे रक्त मिसळले असणार, असे निदान होई. म्हणजे आजाराने वंश सिद्ध करायचा आणि वंशाने आजार! प्रत्यक्षात हा जनुक ग्रीसमध्ये आहे, इटलीत आहे, अरबस्तानात आहे, आपल्याकडेही आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले, की हा जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आला तर मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तेथे तो टिकला. यात गोरे-काळे, उच्च-नीच कोठे आले? डासाला जातपात कळत नाही.

अमेरिकेत पुढे काय झाले ते आपण नीट पाहिले पाहिजे. १९७० नंतर अनेक राज्यांनी तपासणीचे कायदे घाईघाईने केले. काहींनी ती सक्तीची केली. रोगी कोण आणि नुसता वाहक कोण, हा फरकही काही कायद्यांना नीट कळला नव्हता. धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. दुसऱ्या बाजूला ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून आपल्या वस्त्यांत फुकट तपासणी सुरू केली. सरकार आपल्या लेकरांकडे पाहत नाही, तर आपण पाहू, असा त्यांचा बाणा होता. १९७२ साली अमेरिकेने सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा केला, तो या दबावाच्या काळातच. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यांचे नाव आपण घेतले, त्यांचा संताप घेतला. त्यांच्या दवाखान्यांविषयी आणि रक्ततपासणीच्या टेबलांविषयी मात्र आपल्याकडे फारच कमी बोलले गेले.

खरे तर बोलायला कारण होते. १९५८ सालीच शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिले होते. त्या वर्षी आमचे घर त्याच नागपूरपासून काही कोसांवर होते आणि आमचा धाकटा भाऊ हातपाय सुजून ओट्यावर पडलेला असे. त्याचे डोळे सदा पिवळे. घरात कोणी त्याला कावीळ म्हणे, कोणी वात. दीक्षा घेऊन दोन वर्षे झाली होती, देव विसर्जित झाले होते, तरी शेजारची एक म्हातारी 'बाहेरचं' आहे असे आईच्या कानात सांगून जाई आणि आई तिला दारातूनच परत पाठवी. थंडी पडली की त्याचे दुखणे वाढे. शेतावर गेला तर तासाभरात बांधावर बसे. "पोट्टं कामचुकार आहे," असे गावभर झाले. शाळेत गुरुजींनी त्याला आळशी म्हणून छड्या मारल्या आणि वर जातीवरून बोल लावला. तेराव्या वर्षी तो गेला. आजाराचे नाव घरातल्या कोणालाही ठाऊक नव्हते.

नाव कळायला पुढची पिढी यावी लागली. बहिणीच्या मुलीचा अहवाल एसएस पॅटर्न आला. मग सगळ्या घराने रक्त दिले आणि आम्ही स्वतः एएस निघालो. वयाची पंच्याहत्तरी ओलांडली, या जनुकाने आम्हांला कधी एक दिवस अंथरुणावर पाडले नाही. हे सांगतो ते यासाठी, की वाहक म्हणजे रोगी नव्हे, एवढी साधी गोष्ट अजून आपल्या शिकलेल्या लोकांनाही पटत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारांत एक असते. एकच वाहक असेल तर मूल एसएस होत नाही. पण सोयरिकीच्या बैठकीत हे गणित कोण मांडतो? पहिला अहवाल मागितला जातो तो मुलीचा. तो एएस निघाला की पोहे खाऊन मंडळी उठतात, मुलाचे रक्त तपासायचे कोणाच्या मनातही येत नाही. वाहक मुलगी म्हणजे डागाळलेली मुलगी! आपण कुंडली जाळली म्हणतो. मग हा अहवाल कुंडलीसारखा का वाचतो?

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सांगितले ते हेच, की जातीतल्या जातीत लग्न. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धान्त त्यांनी नाकमोजणीच्या आकड्यांनीच मोडून काढला. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. हा जनुक आपल्या रक्ताचा दोष नाही, आपल्या वंशाचा तर नाहीच. तो मलेरियाच्या मुलखात टिकला आणि रोटीबेटीच्या कुंपणात साठत राहिला, बौद्धांमध्ये, गोंडांमध्ये, माडियांमध्ये, काही ओबीसी जातींमध्येही. कुंपण व्यवस्थेने घातले आणि त्याचे दुखणे आमच्या लेकरांच्या हाडांत शिरले. कुंपण ओलांडून झालेली लग्ने, ज्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच खरा उपाय म्हटले होते, ती वैद्यकाच्या हिशेबानेही शहाणपणाचीच ठरतात.

आता सरकारकडे वळू. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत निर्मूलन, आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, लग्नाआधी कार्ड जुळवण्याचा प्रचार. आदिवासी बांधवांकडे लक्ष गेले, याचा आनंदच आहे. पण नागपूर-भंडारा-चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांना या अभियानात आदिवासींइतकेच ठळक स्थान हवे. आणि 'निर्मूलन' या शब्दाने आम्ही थोडे दचकतो. आजार नाहीसा करायचा, की आजारी जन्मूच द्यायचा नाही? जे जन्मले आहेत, जगत आहेत, त्यांचे काय? हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने कळा कमी होतात, अमेरिकेत तिला प्रौढ रुग्णांसाठी १९९८ साली मान्यता मिळाली. ती नियमित मिळावी लागते आणि सोबत वेळोवेळी रक्ताची तपासणी लागते. २०२३ च्या डिसेंबरात तेथे जनुक दुरुस्तीच्या उपचाराला मान्यता मिळाली, त्याची किंमत २२ लाख डॉलर. ती आमच्या लेकरांपर्यंत केव्हा येईल ते येवो. गोळी तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने असावी. आणि तेथे कळ घेऊन आलेल्या पोराकडे 'नाटक करतो' म्हणून पाहिले जाऊ नये. अमेरिकेतल्या काळ्या रुग्णांनाही इस्पितळात हाच अनुभव येतो. वेदनाशामक मागितले की नशेबाज म्हणून संशय!

शेवटचा मुद्दा अपंगत्वाचा. 'दिव्यांग' हा शब्द आमच्या जिभेवर बसत नाही. 'हरिजन' म्हणून गोंजारून घेतलेल्यांना गोड नावांची किंमत ठाऊक आहे. तर, १९९५ च्या कायद्यात सिकलसेल नव्हता. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार केले आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांच्यासोबत सिकलसेलही घेतला. उच्च शिक्षणात ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना त्याचा लाभ मिळू शकतो. नोकरीत मात्र नाही. कलम ३४ मधील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत अंध आहेत, कर्णबधिर आहेत, अस्थिव्यंग आणि इतर आहेत, पण रक्ताचे आजार नाहीत. याचा अर्थ घरातल्या दोघांवरून सांगतो. भाचीच्या खुब्याचे हाड सिकलसेलने झिजले, ती काठी घेऊन चालते, म्हणून अस्थिव्यंग या सदरात ती मोजली गेली. आमचा नातूही एसएस आहे. वर्षातून पाचसहा वेळा तो कळांनी तळमळतो, पण त्याचे सांधे अजून शाबूत आहेत, म्हणून तो नोकरीच्या कोट्यात नाही. भाचीने मागे आम्हांला विचारले, "मामा, त्याने काय हाड मोडायची वाट पाहायची का?"

चळवळीतल्या संघटनांनी, खासदार-आमदारांनी हे कलम उचलून धरावे. चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आणि चौदा एप्रिलला वस्तीत पाण्याचे, अन्नदानाचे, पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांच्या शेजारी तपासणीचे एक टेबल लावायला फार खर्च येत नाही. समजावून सांगणारा माणूस मात्र तेथे बसवावा, आणि अहवाल ज्याचा त्याच्याच हातात द्यावा, माईकवरून नावे पुकारू नयेत.

नातू सध्या स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरतो आहे. अपंग आहात काय, या प्रश्नापुढे तो 'होय' लिहितो. पुढच्या रकान्यात प्रकार निवडायचा असतो, तेथे त्याचा प्रकार नसतो.