जुन्या कंपायलरच्या पोटी नवा कंपायलर

सुरतेच्या जुन्या पद्धतीच्या जॅकार्ड मागावर वेलबुट्टी उतरते, ती थेट चित्रकाराच्या कागदावरून नव्हे. आधी चित्र चौकटींच्या कागदावर आखावे लागते, नंतर त्याप्रमाणे पत्त्यांना भोके पाडावी लागतात. मागाला कळतात ती केवळ भोके. संगणकाचेही असेच आहे. 'सी' किंवा 'सी प्लस प्लस' भाषेत लिहिलेली आज्ञावली त्याला उमगत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी जी दुसरी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. युनिक्सच्या वळणाच्या लिनक्स प्रणालीवर हे काम बहुधा जीसीसी करतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केला.

सामायिक यंत्रावरील कंपायलर पुष्कळदा जुना असतो. २०१४ साली आलेल्या सेंटओएस ७ बरोबर जीसीसीची ४.८ ही मालिका मिळे. सी प्लस प्लस १७ च्या नियमांनी लिहिलेला प्रकल्प तिच्यापुढे ठेवला, तर ती चुकांची लांबलचक यादी हाती देते. अशा वेळी प्रणाली बदलण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो. पण जीसीसीची मूळ संहिता सर्वांना खुली असल्याने नवा कंपायलर स्वतः बांधता येतो.

येथे एक गमतीचा प्रश्न उभा राहतो. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसीची संहिता बांधायलाच सी प्लस प्लसचा कंपायलर लागतो. मग कोंबडी आधी की अंडे? उत्तर सोपे आहे : जुन्याकडूनच नवा बांधून घ्यायचा. मात्र फार मोठी उडी चालत नाही. २०२५ ची १५ वी आवृत्ती बांधण्यास निदान ५.४ आवृत्ती लागते. तेव्हा ४.८ वरून आधी १० वी बांधावी आणि तिच्याकरवी १५ वी.

कृती अशी. संहिता उलगडावी. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही गणिती ग्रंथालये मिळवावीत. ती उतरवून घेणारी छोटी आज्ञावली संहितेतच असते. संहितेबाहेर वेगळी डिरेक्टरी करून तेथून 'कॉन्फिगर' चालवावे आणि 'प्रीफिक्स' म्हणून स्वतःच्या होम डिरेक्टरीतील जागा द्यावी. मग 'मेक' आणि शेवटी 'मेक इन्स्टॉल'. यास काही तास लागू शकतात.

एवढा वेळ का? कारण कंपायलर तीनदा बांधला जातो. पहिला जुना कंपायलर बांधतो, दुसरा हा पहिला बांधतो, तिसरा तो दुसरा बांधतो. पहिला आणि दुसरा एकाच संहितेतून झाले असल्याने त्यांचे वागणे सारखेच हवे. म्हणजेच त्यांनी बांधलेले दुसरा आणि तिसरा तंतोतंत जुळले पाहिजेत. 'मेक' ही तुलना आपोआप करते. फरक निघाला, तर कोठेतरी चूक शिरली आहे असे समजावे.

पण जुळले म्हणजे निर्धोक झाले काय? युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात दाखवून दिले, की जुन्या कंपायलरमध्ये लपवलेली खोडी नव्यातही गुपचूप उतरू शकते, आणि संहितेत तिचा मागमूसही दिसत नाही. या तुलनेने चूक सापडते. फसवणूक सापडेलच असे नाही.

एक व्यावहारिक सूचना. प्रणालीच्या मूळ कंपायलरला हात लावू नये. नवा शेजारी ठेवून 'पाथ' मध्ये त्याला पुढे आणावे. नव्याने बांधलेली आज्ञावली जुने सी प्लस प्लस ग्रंथालय उचलून अडून बसू शकते. म्हणून नव्या ग्रंथालयाचा पत्ताही 'एलडी लायब्ररी पाथ' मध्ये द्यावा.

मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि त्याने जीसीसीचे अंतरंग शिकविणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. त्या अंतरंगाकडे वळण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी कंपायलर स्वतः बांधून पाहावा. रोज वापरतो ते हत्यार कोणी आणि कशाने घडवले, हे ठाऊक असणे कारागिराला शोभते.