कूपरेजचा कूपर कोण?

कुर्ल्याहून हार्बरची गाडी धरून मी अब्बांबरोबर पहिल्यांदा फुटबॉलचा सामना बघायला गेलो, तो कूपरेजवर. गाडीतच विचारलं, "हे नाव कुणाचं?" अब्बा म्हणाले, "असेल कुणी कूपर साहेब." शेजारचे गृहस्थ उसळले, "साहेब कसला? पारशी शेठ!" आम्हा उपनगरवाल्यांना जुहूचं कूपर हॉस्पिटल ठाऊक. मला शेठच पटला.

पुढे वाचताना कळलं, दोघेही चुकले होते. इंग्रजीत कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर. फळ्या तापवून वाकवायच्या, लोखंडी कड्या ठोकून बसवायच्या, थेंब गळता कामा नये. शिडाच्या जहाजावर पाणी, दारू, खारवलेलं मांस, सारं पिंपातच जाई. त्यात चूक झाली तर भर समुद्रात खलाशांची उपासमार. १७८१च्या सुमारास अ‍ॅडमिरल एडवर्ड ह्यूजच्या आरमारासाठी मुंबईत मांस खारवलं जात होतं. त्याच्या दुर्गंधीनं रहिवासी हैराण झाले, तक्रारी गेल्या आणि या कारागिरांना कोटाबाहेर मोकळ्या जागेत शेड बांधून दिली. तेच कूपरेज. फुटबॉल आणि रोव्हर्स कप फार नंतरचे.

गाडीतले गृहस्थ अगदीच चुकले असंही नाही. पारशांतलं कूपर हे आडनावही धंद्यावरूनच आलेलं, बाटलीवाला किंवा दारूवालासारखं.

गंमत बघा, आमच्या कुर्ल्याचं नाव खाडीतल्या कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडलं असं सांगतात. तिथे मात्र कुणी कुर्ला साहेब शोधायला जात नाही.