तेराशे सीसीचं खानदानी इंजिन

नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना घेऊन हळूहळू चालणारी जिप्सी आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर सुसाट सुटणारी फॉर्म्युला एलजीबी स्विफ्ट ही एकआसनी रेसगाडी, या दोन्हींच्या पोटात एकाच खानदानाचं इंजिन आहे. सुझुकीचं जी-१३बीबी. एक गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमारा गेटवर पहाटे उभं असतं, दुसरं शर्यतीच्या रेषेवर. कमी पैशांत दमदार गाडी बांधायची हौस असलेल्या प्रत्येकाने या इंजिनाची नीट ओळख करून घ्यायला हवी.

जिप्सी भारतात आली १९८५ साली, तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं आणि ताकद जेमतेम ४५ अश्वशक्ती होती. १९९६च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचं इंजिन आलं. पुढे त्याला १६ व्हॉल्व्हचं हेड आणि एमपीएफआय मिळालं आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. हेच घराणं एस्टीममध्ये ८५ आणि पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये ८७ अश्वशक्ती देत होतं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, म्हणून वजनाला हलकं. शिवाय ते वरच्या आरपीएमला आनंदाने फिरतं.

स्वस्ताईचं खरं कारण मात्र हे खानदानच आहे. एस्टीम आणि स्विफ्ट गावोगावी विकल्या गेल्या, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट यांचा बाजार मोठा झाला. गोंदिया हावडा-मुंबई लोहमार्गावरचं जंक्शन. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला रायपूर. गावात न मिळालेला पार्ट या दोन शहरांतून मागवता येतो. महागडं परदेशी इंजिन बसवलेली गाडी एका सेन्सरसाठी महिनोन्‌महिने उभी राहते. म्हणून पार्ट निवडताना पहिला प्रश्न ताकदीचा नसावा. ‘हा उद्या पुन्हा मिळेल का?’ हा असावा.

दुसरा प्रश्न इंजिनाच्या तब्येतीचा. कबाडीतून आणलेलं इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी सोडवा, प्लगच्या जागी गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. जी-मालिकेच्या निरोगी सिलिंडरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास येतो. १२च्या खाली गेला किंवा सिलिंडरांमध्ये एक किलोहून जास्त फरक पडला, तर घोळ आहे. मग कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. अर्ध्या तासाची ही तपासणी पुढचे हजारो रुपये वाचवते.

बोअर वाढवला की गाडी पळते, हा समज गॅरेजात फार पक्का आहे. हिशेब करून पाहा. या इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर १२९८ सीसीचे साधारण १३१६ होतात. म्हणजे वाढ दीड टक्क्याचीही नाही. बोअरिंग झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी असतं. ताकदीसाठी त्यावर पैसा घालणं म्हणजे पाण्यात घालणं.

ताकद असते हेडमध्ये. व्हॉल्व्ह सीट नीट कापून लॅपिंग करणं, पोर्टमधले ओतकामाचे उंचवटे काढणं आणि गॅस्केटचं तोंड पोर्टशी जुळवणं, एवढं काम चांगल्या लेथवाल्याकडून करून घेतलं तरी इंजिन मोकळा श्वास घेतं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं, पण हात राखून. अति घासलं की साध्या पेट्रोलवर नॉकिंग सुरू होतं आणि नॉकिंग पिस्टन फोडतं. त्यानंतर एक्झॉस्टचा हेडर आणि सगळ्यात शेवटी कॅम. कॅम बदलला की इंधनाचं ट्यूनिंगही बदलावं लागतं, तो खर्च आधीच धरून ठेवा. शर्यतीचा कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो, खालची काढून घेतो. गोंदियाच्या बाजारातल्या गर्दीत तो रोज छळेल.

विदर्भाच्या उन्हाचाही विचार हवा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि अनेक मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. ते चुकीचं आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्याच्या सकाळी नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. त्यापेक्षा रेडिएटर साफ करून घ्या, टायमिंग बेल्टसोबत वॉटर पंप बदला, पाण्याऐवजी कूलंट वापरा.

ताकद वाढवण्याआधी ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनचे पैसे बाजूला काढा. कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. दुसऱ्या क्षमतेचं इंजिन बसवण्याचा विचार असेल तर पार्ट घेण्यापूर्वी गोंदियाच्या (एमएच-३५) परिवहन कार्यालयात विचारा. आणि जोर आजमावायचा तो ट्रॅकवर. नागझिऱ्याच्या रस्त्यांवर हरणं आणि माणसं दोन्ही असतात.

जिप्सीची सर्वसामान्य विक्री २०१९च्या सुमारास थांबली. तिच्याहून ताकदवान इंजिनं आज पुष्कळ आहेत. पण जिल्ह्याच्या गावात खोलता येईल, बांधता येईल आणि खिशाला झेपेल असं शिकण्याजोगं इंजिन हवं असेल, तर माझं मत आजही जी-१३बीबीलाच आहे. आधी मोजा, मग दुरुस्त करा, आणि पैसे उरले तरच ताकद विकत घ्या.