तारेवरची झाडं

मोत्याची कुडी हातात घेऊन नीट पाहावी. मधे एक मोती, भोवती सहा. सगळे एका मापाचे असले तर भोवतीचा प्रत्येक मोती मधल्याला टेकतो, शेजारच्या दोघांनाही टेकतो; फट राहत नाही आणि सातव्याला जागा उरत नाही. वर्तुळांचा हा गुण भूमितीच्या पुस्तकात सिद्ध करून दाखवतात. आपल्या दागिने घडवणाऱ्यांनी तो बोटांनी ओळखला आणि बायकांच्या कानांत कायमचा बसवला. मण्यांचं काम शिकू पाहणाऱ्याला मी आधी कुडीच करायला लावते, कारण मण्यांचं फूल, फुलांची फांदी आणि फांद्यांचं झाड यांची सुरुवात तिथेच होते.

दुसरा धडा नथीचा. नथीत दोरा नसतो. सोन्याच्या तारेत मोती ओवायचे, तार वळवायची, पिळायची आणि टोक लपवायचं, एवढ्यावर नथ उभी राहते. दोऱ्यात ओवलेली माळ गळ्याचा आकार घेते. तारेत ओवलेला दागिना स्वतःचा आकार धरून राहतो. मण्यांचा छंद लागलेली माणसं बहुधा दोऱ्यापासून सुरुवात करतात. मीही माळा, बांगड्या, कानातली असंच करत होते. एकदा हातात तार आली आणि मणी हवेत उभे राहतात हे दिसलं, तेव्हापासून झाडांनी मला सोडलेलं नाही. तांब्याच्या तारेवरचं झाड हा मला तरी नथीचाच विस्तार वाटतो. जी बाई नथ निरखून पाहते, तिला हे काम परकं वाटायचं कारण नाही.

मणी आणि तांबं यांची आपल्या भूमीतली सोबत फार जुनी आहे. नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि तांब्याच्या क्षारांमुळे तिच्यातल्या दोऱ्याचा अंशही टिकून राहिला. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात दगडाचे, काचेचे, शंखाचे मणी पाहताना माझी नजर नेहमी भोकाकडे जाते. एवढ्याशा दगडाला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून ती मधोमध जुळवायची, हे काम करणाऱ्या हातांपुढे मी खरोखर नमते.

आपण आज वापरतो ते बारीक काचेचे मणी वेगळ्या रीतीने होतात. वितळलेल्या काचेची पोकळ नळी लांबच लांब ओढायची, तिचे तुकडे करायचे आणि धारदार कडा गोल होईपर्यंत ते पुन्हा तापवत घोळवायचे. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळच्या पापानायडूपेट गावात काचेची नळी ओढून मणी करण्याची फार जुनी पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरही काच ओढत. मात्र ते मणी ओवून त्यांच्या लडी करायचं काम व्हेनिसमधल्या बायकांचं. त्यांना इंपिरारेसे म्हणत. लाकडी परातीत मणी भरलेले, हातात पंख्यासारख्या पसरलेल्या कितीतरी लांब सुया, आणि तो सगळा जुडगा एकदम मण्यांतून फिरवायचा. काचेच्या मण्यांच्या या कलेला २०२० साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. इटली आणि फ्रान्स यांनी मिळून ते मागितलं होतं.

मुरानोचे मणी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून झांजीबारमार्गे सौराष्ट्रात पोचले आणि काठी लोकांच्या घरांतलं मोतीभरत फुललं. आपल्याकडे ते दारावरच्या तोरणांत, रुखवतातल्या मोर-सशांत आणि फुलदाण्यांत आलं. रुखवतातल्या त्या वस्तूंना पुढे कुणी ‘कलाकुसर’ म्हणून बाजूला सारलं याचं मला वाईट वाटतं. लग्नाआधी महिनोन्‌महिने मान खाली घालून केलेलं ते काम होतं, आणि त्यात वीण होती, मोजमाप होतं, रंगाची समज होती.

फ्रान्समध्ये मण्यांच्या फुलांची वाट निराळीच होती. तिथे कबरींवर मण्यांची चक्रं वाहत. खरी फुलं सुकतात, काचेची ऊन-पाऊस सोसतात. पाकळीच्या मधोमध एक ताठ तार घेऊन तिच्याभोवती मण्यांच्या ओळी एकामागून एक फिरवायच्या, या पद्धतीला आजही ‘फ्रेंच’ म्हणतात. अमेरिकेत व्हर्जिनिया नॅथनसन यांचं मण्यांच्या फुलांवरचं पुस्तक १९६७ साली आलं आणि ती पद्धत घराघरांत गेली. आपल्या पिंपळाच्या पानाला ती अगदी नेमकी लागू पडते. मधली तार शेवटी लांब ठेवली की पिंपळाचं शेपटीसारखं टोक आपोआप मिळतं.

आता मापांकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. मण्यांचा नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो. ८ नंबरचा साधारण ३ मिलिमीटर, ११ नंबरचा २, आणि १५ नंबरचा दीड. ताम्हणाच्या फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात, म्हणून ते कुडीच्या हिशेबात सरळ बसतं: सात मणी, सगळे एकाच नंबरचे. बहाव्याला पाकळ्या पाच. पाच मणी गोलाकार एकमेकांना टेकवले की मधे जी जागा उरते ती त्याच मापाच्या मण्याला पुरत नाही. मधला मणी भोवतीच्यांच्या सात दशांशच हवा. ३ मिलिमीटरच्या सात दशांश म्हणजे २.१. म्हणजे भोवती ८ नंबरचे पाच पिवळे आणि मधे ११ नंबरचा एक. दुकानातल्या दोन पुड्यांमध्ये बहाव्याचं फूल असं तयार बसलेलं आहे हे आकडेमोडीने कळलं, तेव्हा झालेला आनंद मला अजून पुरतो आहे.

बहाव्याचा घोस करताना झाडाकडे परत जावं लागतं. लोंबणाऱ्या घोसात वरची फुलं आधी उमलतात, टोकाला कळ्या असतात. म्हणून वर पूर्ण फुलं, मग अर्धवट मिटलेली, मग ११ नंबरच्या सुट्या कळ्या आणि अगदी टोकाला १५ नंबरच्या. मापं उलटसुलट झाली तर रंग कितीही हुबेहूब असो, बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, मग त्याने बहावा कधी निरखून पाहिलेला नसला तरी.

सामानाबद्दल थोडंसं. मुंबईत भुलेश्वरला फिरलं की मण्यांच्या लडी आणि पुड्या हव्या तेवढ्या मिळतात. स्वस्त मणी घ्यायला हरकत नाही, पण ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग उतरतो का ते पाहावं, आणि भोकाची कड बोटाला बोचते का तेही. बोचणारी कड दोरा कापते. जपानी मणी महाग, पण मापाला पक्के. हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामाच्या मियुकी कंपनीचे नळीसारखे ‘डेलिका’ मणी सपाट विणीच्या पट्ट्यांसाठी उत्तम. झाडाच्या पानांना मात्र ते फार शिस्तीचे होतात. पानाला थोडे वेडेवाकडे मणी हवेत. तार म्हणाल तर मोटर वाइंडिंगची. विजेच्या सामानाच्या दुकानात ती वजनावर मिळते, तिच्यावर लाखेसारखा लेप असतो म्हणून लवकर काळी पडत नाही. पानांसाठी ३० गेजची, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची तार पुरते. माळांना तंगूस वापरतात, पण मला त्याचा ताठपणा आवडत नाही.

डहाळी अशी होते. तारेच्या मध्यावर सात मणी घ्यायचे, त्यांचा फास करून खाली दोन-तीन पीळ द्यायचे: हे टोकाचं पान. मग तारेच्या दोन्ही टोकांवर सात-सात मणी, दोन फास, पुन्हा पीळ. अशा चार जोड्या झाल्या की नऊ पानांची डहाळी आणि ६३ मणी. शंभर डहाळ्यांचं झाड धरलं तर ६,३०० मणी लागतात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ११ नंबरच्या मण्यांत ते जेमतेम साठ ग्रॅम भरतात.

प्रत्येक डहाळीतून तारेची दोन टोकं खाली उतरतात. डहाळ्या पिळून फांदी होते, फांद्या पिळून खोड. तार मधे कुठे कापायची नाही असं ठरवलं तर शंभर डहाळ्यांच्या दोनशे तारा बुंध्यापर्यंत येतात. म्हणजे कुठल्याही उंचीवर सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खोडाइतकीच भरते. लिओनार्दो दा विंचीने खऱ्या झाडांविषयी नेमकं हेच आपल्या वह्यांत टिपून ठेवलं होतं. १९६४ साली शिनोझाकी आणि त्यांच्या सहकारी जपानी शास्त्रज्ञांनी ‘पाइप मॉडेल’ मांडलं: झाड म्हणजे नळ्यांची मोळी, आणि पानांच्या प्रत्येक वाट्याला आधार देणारी, पाणी पोचवणारी नळी मुळापर्यंत जाते. मण्यांचं झाड करणारा माणूस हे मॉडेल दोन हातांनी पिळत असतो.

पण इथे एक अडचण येते. ०.३ मिलिमीटरच्या दोनशे तारा घट्ट पिळल्या तरी खोड होतं जेमतेम ५ मिलिमीटरचं. एवढ्या पानांच्या संभाराखाली ते किडकिडीत दिसतं. म्हणून सगळे जण खोडाला जाड तार बांधतात आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये फेव्हिकॉल कालवून लेप देतात, वर साल कोरतात, ॲक्रिलिक रंग लावतात. बरीच वर्षं मला हा लेप लबाडीचा वाटायचा. पाइप मॉडेल नीट समजून घेतलं तेव्हा मत बदललं. खऱ्या झाडाची जुनी पानं, जुन्या फांद्या गळून जातात, पण त्यांच्या नळ्या खोडात तशाच राहतात. वापरात नसलेल्या त्या नळ्यांनी खोड जाड होत जातं. माझं झाड एका ऋतूचं आहे, त्याच्यापाशी मागच्या वर्षांची पानं नाहीत. लेप त्या गळून गेलेल्या वर्षांची जागा भरतो. आता मी लेप देताना कोवळ्या झाडाला कमी देते आणि म्हाताऱ्या पळसाला भरपूर.

तांब्याचा स्वभाव सांभाळावा लागतो. पिळत गेलं की ते कडक होतं आणि एका क्षणी तुटतं. पुण्याच्या कसब्यातले तांबट ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत लालबुंद तापवून पुन्हा नरम करतात. मणी ओवलेल्या डहाळीला ती सोय नाही. त्यामुळे पीळ पहिल्यांदाच योग्य बसला पाहिजे: मणी हलू नये इतका, आणि तार रडू नये इतकाच.

हिरवा रंग एकच घेऊ नये, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. पारदर्शक, अपारदर्शक आणि आतून चंदेरी असे तीन-चार हिरवे एका वाटीत कालवावेत आणि जो मणी सुईवर येईल तो घ्यावा. चंदेरी मात्र चिमूटभरच. तो जास्त झाला की झाड पावसात भिजल्यासारखं चमकत राहतं, उन्हातलं दिसत नाही. पळसाला हिरवा लागतच नाही. काळपट फांद्या आणि भगव्या मण्यांची ज्वाला, एवढंच. तो फुलतो तेव्हा बहुतेक पानं गळालेली असतात, त्यामुळे फांद्यांची वळणं उघडी पडतात आणि कारागिराला लपायला जागा उरत नाही. माझ्या मते बारीकसारीक पानांच्या डेरेदार झाडापेक्षा पळस कठीण.

झाडांनी मला दागिन्यांकडे परत पाठवलं, तेही अधिक शहाणं करून. बहाव्याचा घोस उलगडून कानातलं केलं, तेव्हा वरून खाली लहान होत जाणारे मणी मानेच्या हालचालीबरोबर कसे झुलतात हे कळलं. वजनाचा प्रश्नही कळला: काच जड असते, कानाची पाळी नाजूक, म्हणून घोस छोटा आणि तार बारीक. पटवेकऱ्यांचं गाठवणं पाहायला मी जाऊन बसू लागले. मोत्यांच्या माळेत प्रत्येक मोत्यानंतर गाठ का, तर मऊ मोती एकमेकांवर घासू नयेत आणि दोरा तुटलाच तर एकच मोती निखळावा. ठुशीत उलट: मणी इतके दाटून बसवायचे की दोरा दिसताच कामा नये. दोऱ्याचा ताण बोटांनी मापणारी ही माणसं आहेत. दागिन्याच्या पावतीवर सोन्याचं वजन असतं, मोत्यांचं असतं, आणि गाठवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. ते असावं असं मला मनापासून वाटतं.

सध्या वडाशी झुंज चालली आहे. वडाच्या फांद्या आडव्या लांब जातात, आणि काचेच्या वजनाने तांबं टोकाशी वाकतं. जाड तार घातली तर फांदी सरळसोट दिसते, वडाची वाटत नाही. शेवटी झाडाने स्वतः काढलेला उपाय मी उचलला. काही डहाळ्यांच्या तारा खोडाकडे न नेता फांदीच्या मध्यावरून सरळ खाली सोडल्या, बिनमण्यांच्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा तळाच्या प्लास्टरमध्ये रोवल्या. त्या पारंब्यांनी फांदी तोलली. आता दोनशे तारांमधल्या चाळीस खोडापर्यंत जातच नाहीत, त्यामुळे खोडाचा हिशेब बदलला आहे, आणि प्रत्येक पारंबीला वेगळा लेप द्यावा लागणार आहे: जमिनीला टेकलेल्यांना जाड, हवेत लोंबणाऱ्यांना अजिबात नाही.