पाणी ओसरल्यावर गाळ कसा उपसावा

२५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत आपल्या ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात वर्षभरात जेमतेम सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. त्याच्या तीन-चतुर्थांश पाऊस इथे एका दिवस-रात्रीत कोसळला. आदरवाडीजवळ दरडीने एकाचा जीव घेतला, लवासात बंगल्यांवर दरड आली. त्याच पहाटे पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाची वाडी इथे तीन तरुण गेले. ते वाहून गेले नाहीत, बुडालेही नाहीत. अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून बाजूला घेताना त्यांना विजेचा धक्का बसला. हातातली गाडी म्हणजे त्यांचे पोट होते, म्हणून ती वाचवायला ते उतरले.

बातम्या पाणी ओसरेपर्यंत चालतात. माझे काम त्यानंतर सुरू होत असे. मुळशी खोऱ्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली तेव्हा दर मोठ्या पावसानंतरचा आठवडा मला ठरलेल्या क्रमाने भेटायचा. दुसऱ्या दिवशी पाय कापलेले, तिसऱ्या दिवशी कंबर धरलेले, दहाव्या-बाराव्या दिवशी अंगात ताप घेऊन आलेले. मधेच एखादा छातीत कळ आलेला. बहुतेकांना पुराने काही केलेले नसायचे. त्यांनी घरातला गाळ काढला होता, एवढेच.

आधी या गाळाचे वजन समजून घेऊ, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. दहा बाय दहाची खोली आणि तिच्यात अर्धा फूट चिखल धरा. हे झाले पन्नास घनफूट. ओला गाळ घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो भरतो. म्हणजे एका खोलीत सव्वादोन ते अडीच टन! घमेल्यात वीस किलो मावतो असे धरले तरी सव्वाशेच्या आसपास खेपा झाल्या. वाकायचे, भरायचे, उचलायचे, ओल्या उंबऱ्यावरून बाहेर जायचे, ओतायचे, परत यायचे. आपल्या वस्तीत हे काम बहुधा घरातली बाई एकटी सुरू करते, अनवाणी, पहाटेपासून उपाशी. पुरुष सामान शोधायला किंवा तहसीलला गेलेला असतो.

आपल्यापैकी काहींची मुले नोकरीसाठी कॅनडा-अमेरिकेत गेली आहेत. तिकडे हिमवादळानंतर दारातला बर्फ फावड्याने काढताना दरवर्षी माणसे हृदयविकाराच्या झटक्याने दगावतात आणि तिथले डॉक्टर हिवाळा आला की लोकांना सावध करतात. कारण सोपे आहे. एरवी बसून असलेला माणूस अचानक हातांनी जड ओझे उचलतो, उचलताना श्वास रोखतो, रक्तदाब एकदम चढतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण ओला गाळ हा बर्फापेक्षा किती तरी जड असतो, आणि पावसात भिजून कुडकुडत, रात्रभर न झोपता आपण तो उपसतो. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे पाण्याबरोबर गेलेली असतात. ती गोष्ट कोणाला आठवतही नाही. म्हणून घर आवरायला घेण्याआधी बुडालेल्या गोळ्यांची नावे आशाताईला सांगा. गोळी चुकवून फावडे हातात घेऊ नका.

माझ्या ओळखीतले एक काका, वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेहाचे. सकाळपासून पडवीतला गाळ काढत होते. दुपारी दरदरून घाम आला, मळमळ झाली. ते म्हणाले, उपाशीपोटी चहा घेतला म्हणून पित्त झाले. लिंबूपाणी घेऊन पुन्हा खोरे ओढायला लागले. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना झटका येताना छातीत दुखेलच असे नाही. दम लागणे, थंड घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणे, पोटात वर जळजळ, यांपैकी काहीही होऊ शकते. काकांच्या सुनेला शंका आली, तिने त्यांना खाली बसवले आणि १०८ला फोन लावला. म्हणून आज काका आहेत. अशा वेळी माणसाला चालवत रस्त्यापर्यंत नेऊ नका. रस्ता खचला असेल तर खाटेवर उचलून न्या.

आता कामाची रीत. गाळ ओला आहे तोवरच काढावा हे खरे, वाळला की तो विटेसारखा होतो आणि मेहनत तिप्पट. त्यामुळे घाई असते, ती मलाही कळते. पण आत शिरण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. दगड-मातीची भिंत पाणी पिऊन फुगते आणि ऊन पडल्यावर, सगळे निवांत झाल्यावर बसते. भिंतीला नवीन तडा आहे का, कोपरा बाहेर आला आहे का, काल सहज उघडणारे दार आज अडते आहे का, हे पाहा. तसे असेल तर त्या खोलीत कोणी जायचे नाही, सामान कितीही मोलाचे असो. घराच्या मागे डोंगरउतार असेल आणि त्यातून गढूळ झरा नव्याने फुटला असेल तर गाळ राहू द्या, माणसे हलवा.

पाण्याची खूण आणि आतली अवस्था मोबाईलवर टिपून ठेवा, तलाठ्याला कळवा. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण नंतर पंचनाम्याच्या वेळी हेच कामी येते.

मग वीज. मेन स्विच कोरड्या जागी उभे राहून हाताला येत असेल तरच बंद करा. पाण्यात उभे राहून अजिबात नको, १९१२ वर महावितरणला कळवा आणि थांबा. एक गोष्ट हमखास विसरली जाते: इन्व्हर्टर. मेन बंद केला तरी तो बॅटरीतून घरात वीज सोडत राहतो. त्याचे बटण वेगळे बंद करावे लागते. पत्र्याच्या घरात तर आणखी जपायला हवे. वायर सोललेली असेल तर पत्र्यात, आणि पत्र्याला बांधलेल्या कपडे वाळवायच्या तारेतही करंट उतरतो. अशा तारेवर ओले कपडे टाकताना गेलेल्या बायका महाराष्ट्रात दर पावसाळ्यात असतात. तार काढून सुतळी बांधा, दहा रुपयांचे काम. बुडालेले बोर्ड वरून सुकलेले दिसले तरी आत ओल असते. वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नयेत.

अंगात पूर्ण बाह्या, पायात गमबूट, हातात रबरी हातमोजे. गमबूट नसतील तर जाड तळाचे बंद बूट तरी, स्लिपर नको, ती चिखलात रुतून राहते आणि पाय काचेवर पडतो. मधुमेह्यांच्या पायाला जखम झालेली कळत नाही, त्यांनी गाळात उतरूच नये. त्यांना पाणी भरणे, भांडी धुणे, मुले सांभाळणे अशी कामे द्या. सामान उचलण्याआधी काठीने हलवा. घोणस, मण्यार, नाग यांनाही पुराने बेघर केलेले असते आणि मांडणीखालचा कोरडा कोपरा त्यांनाही आवडतो. साप चावलाच तर आवळून बांधायचे नाही, चिरायचे नाही. हातपाय हलू न देता थेट दवाखाना. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, निघतानाच फोन करून पुढे कळवायला सांगा.

उचलण्याची शिस्त अशी ठेवा. घमेले अर्धेच भरा. कमरेत वाकून उचलू नका, गुडघ्यात बसून, घमेले पोटाजवळ धरून उठा. श्वास रोखू नका. ओझे हातात असताना कंबर पिळून बाजूला फेकू नका, पाय वळवा. सर्वांत चांगले म्हणजे उचलणेच टाळणे: फळीला दांडा ठोकून खोरे करा आणि पाणी मारत गाळ दाराबाहेर ओढा. चार घरांनी मिळून एकेक घर घ्यावे, साखळी करून घमेली हातोहात द्यावीत. आपल्याकडे विहाराच्या कामाला सगळी वस्ती श्रमदानाला येते, मग घरांच्या कामाला का येऊ नये? वीस मिनिटांनी माणूस बदला, मीठ-साखरेचे पाणी प्या. हात धुऊन, हे सांगायला नको. काढलेला गाळ भिंतीला लावून ठेवू नका, गटारातही लोटू नका. तो पुढच्या पावसात परत घरात येतो.

इथे थोडे वेगळे बोलते. वस्तीतल्या घरांचा गाळ निघाला की आपल्या बायका-मुलांना फार्महाऊस आणि हॉटेलांचा गाळ काढायला रोजंदारीवर बोलावले जाते. रोज मिळतो, जायला हरकत नाही. पण गमबूट आणि हातमोजे मालकाने द्यायचे, ते रोजातून कापायचे नाहीत. हे कामाला हात लावण्याआधी बोलून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. शौचालयाची टाकी भरून वाहत असेल तर तिच्यात उतरायचे नाही, आत विषारी वायू असतो आणि एकाला काढायला गेलेला दुसराही जातो. २०१३च्या कायद्याने असे कोणाला सुरक्षा साधनांशिवाय टाकीत उतरवणे गुन्हा आहे. आणि वाहून आलेली मेलेली जनावरे? गावाला अजूनही अशा वेळी आपल्याच वस्तीचा रस्ता आठवतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत याचा निकाल लागला आहे, ज्याचे जनावर त्याने पुरावे. आज ते काम ग्रामपंचायतीचे, जेसीबीने खड्डा घेऊन करायचे. मानाचा प्रश्न आहेच, पण मी आरोग्याच्या पानावर लिहिते आहे म्हणून एवढेच सांगते की सडलेले जनावर उघड्या हाताने ओढणाऱ्याला त्यातून आजार होऊ शकतो.

गाळ निघाला की लोक ओल्या चिखलावर टीसीएल पावडर भुरभुरतात. पांढरे दिसते, समाधान वाटते, उपयोग जवळपास शून्य. माती आणि शेण त्या पावडरीची ताकद खाऊन टाकतात. आधी फरशी किंवा जमीन साबणाच्या पाण्याने घासून धुवा. मग दहा लिटरच्या बादलीत दीडशे ग्रॅम ताजी पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरच्या पाण्याने फरशी पुसून दहा-पंधरा मिनिटे ओली ठेवा. दारे-खिडक्या उघड्या, हातात मोजे. त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, निघणारा वायू छाती जाळतो. सारवलेली जमीन असेल तर वरचा थर खरवडून काढा आणि नव्याने सारवा. विहिरीचे पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने शुद्ध करून होईपर्यंत उकळून किंवा मेडिक्लोर टाकूनच प्या.

भिंती सुकवायला दारे लावून कोळशाची शेगडी पेटवण्याची आपली पद्धत मोडा. उबेने झोप लागते आणि त्या धुरातल्या वायूला वास नसतो, जाग येत नाही. डिझेलचा पंपही खोलीच्या बाहेरच चालवावा.

शेवटी ताप. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि ओल्या चिखलात आठवडेच्या आठवडे जगतात. पायाची भेग, हातावरचा ओरखडा, एवढी वाट त्यांना पुरते. फार वेळ भिजून पांढरी पडलेली कातडीही पुरते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची साथ आली. आपल्याकडे जुलैअखेर म्हणजे भातलावणीचे दिवस. म्हणजे घरात गाळ आणि खाचरातही चिखल, असा दुहेरी धोका. गाळात काम केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आरोग्य केंद्रात जाऊन तसे सांगा, डॉक्टर प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे असते, तेव्हा शेजारणीची गोळी अर्धी करून घेऊ नका. पाय कापला असेल तर त्याच फेरीत धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

लेप्टोचा ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. तोवर घर आवरून झालेले असते आणि गाळाची आठवण पुसलेली. ताप, डोके दुखणे, पोटऱ्यांत असह्य कळा आणि डोळे लाल. हे एकत्र दिसले की अंगावर काढू नका. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, दम लागला तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. पहिल्या दोन दिवसांत औषध मिळाले तर हा आजार साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडावर आणि फुप्फुसावर जातो. डॉक्टरकडे गर्दी असते, ते विचारतीलच असे नाही. म्हणून आपणच पहिले वाक्य हे बोलायचे: मी अमुक तारखेला गाळात उतरले होते. ही तारीख लक्षात राहत नाही. ज्या दिवशी फावडे हातात घ्याल, त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिला गोल करा आणि पुढचे तीस दिवस मोजा. कॅलेंडर भिजून गेले असेल तर मुलाच्या वहीत लिहा.