रायफलीच्या शेपटीतलं वजन

“तीन पॉइंट आठ.” ह्यूस्टनबाहेरच्या एका उघड्या रेंजवर, पत्र्याच्या शेडखाली उभे राहून एक गृहस्थ हा आकडा पुन्हा पुन्हा सांगत होते. मला वाटलं, नेम किती इंचांनी चुकला ते बोलताहेत. आकडा निघाला औंसांतला. रायफलीच्या दस्त्यात दडलेल्या बफर नावाच्या बोटभर दांडक्याचं ते वजन.

रायफल माझ्या भाच्याची. एआर-१५ जातीची, सुटे भाग मागवून गॅरेजमध्ये जोडलेली. तिकडे कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त नंबर कोरलेला सांगाडा. तो परवानाधारक दुकानातून, चौकशी होऊन घ्यायचा. नळी, दस्ता, स्प्रिंगा घरपोच येतात. आपल्याकडे साध्या परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयाचे जिने झिजवणारे लोक मी पाहिलेत, त्यामुळे हे ऐकून हबकलोच. तरी रेंजवर गेलो तो वेगळ्याच कुतूहलापोटी. भाच्याने बफर हातात दिला आणि म्हणाला, “मामा, कानाशी धरून हलवा.” नारळ बघतात तसा हलवला. आत खडखडलं. एवढ्या नेमक्या यंत्रात मुद्दाम ढिली ठेवलेली वस्तू कशाला?

ते त्या गृहस्थांना ठाऊक होतं. जन्म लेथवर गेलेला, नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच. त्यांनी बफरच्या टोकाची पिन ठोकून काढली, रबरी बूच उपसलं आणि आतले तीन ठोकळे टेबलावर ओतले. दोन पोलादी, एक टंगस्टनचा, मध्ये रबराच्या पातळ चकत्या. पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड टंगस्टन. तळहातावर घेतलं की हात किंचित खाली जातो. तिन्ही ठोकळे पोलादी असले की बफर ३ औंसांचा. एक टंगस्टनचा घातला की ३.८, दोन घातले की ४.६ च्या आसपास, तिन्ही घातले की साडेपाचच्या घरात. आणि खडखड अशासाठी की पुढे येऊन आदळलेला, काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट उसळी मारून मागे येऊ बघतो. त्याच क्षणी हे ढिले ठोकळे मागून येऊन थडकतात आणि त्याला जागच्या जागी दाबतात.

बाकीचं यंत्र वाऱ्यावर चालतं म्हणा ना. गोळी नळीतून जाताना वरच्या बारीक भोकातून थोडा गॅस मागे वळतो, तो बोल्टला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग दबते, सुटते, पुढचं काडतूस आत जातं. गॅस जास्त झाला की हे सगळं घाईने होतं. पुंगळी अजून नळीच्या पोटात चिकटलेली असतानाच तिला ओढलं जातं, मग तिची कड कुरतडल्यासारखी दिसते. भाच्याच्या पुंगळ्या तशाच दिसत होत्या. शिवाय गॅसचा एक झोत मागून थेट त्याच्या चेहऱ्यावर यायचा. जळकी दारू आणि तापलेलं तेल यांचा तो वास शेडभर होता. दुसऱ्या दिवशी शर्ट धुतल्यावरही नाकातून गेला नव्हता.

ही घाई आवरायची ती जड बफरने. भाच्याने ३ औंसांच्या बफरने सुरुवात केली. पुंगळ्या उजवीकडे पुढे उडाल्या. घड्याळ आडवं ठेवून नळीच्या दिशेला बारा मानले, तर एक-दोनच्या दिशेला. तिथली मंडळी यावरून लगेच जास्त गॅसचं निदान करतात. गृहस्थांनी मान हलवली. पुंगळीची दिशा इजेक्टरच्या स्प्रिंगवरही ठरते, त्यामुळे तो पुरावा कच्चा. त्यांची खरी परीक्षा साधी: मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा, बोल्ट मागे अडकून राहतो का ते पाहा. आणि काडतूस सगळ्यांत स्वस्तातलं, सगळ्यांत मवाळ घ्या.

४.६ घातला. धक्का मऊ झाला, कानाजवळची स्प्रिंगची किणकिण कमी झाली, भाचा खूश. पण स्वस्त काडतुसावर बोल्ट मागे राहीना. ३.८ घातला, राहिला. “तीन पॉइंट आठ,” गृहस्थ म्हणाले, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. हिवाळ्यात तेल घट्ट होईल तेव्हा पुन्हा बघ, असंही बजावलं.

समाधान नव्हतं, कारण दुखणं भलतीकडेच होतं. लष्कराच्या एम-४ कार्बाइनची नळी साडेचौदा इंची. नागरिकाला १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीची केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते, म्हणून बाजारात नळ्या १६ इंची. त्यातल्या बऱ्याच नळ्यांना गॅसचं भोक मात्र कार्बाइनच्याच जागी, काडतुसापासून जेमतेम सात इंचांवर. भोकाच्या पुढे नळी जेवढी लांब, तेवढा वेळ गॅस जोराने मागे येत राहतो. वर कारखानदार भोक सढळ हाताने पाडतात, म्हणजे कसलंही मरतुकडं काडतूस चाललं पाहिजे आणि तक्रार येता कामा नये. मग त्या सढळपणाचा दणका गिळायला गिऱ्हाईक टंगस्टन विकत घेतं. मला तरी हा धंदा गमतीचा वाटला.

नवा मात्र नाही. युजीन स्टोनरच्या मूळ रचनेवरून एम-१६ झाली, आणि लष्कराने काडतुसातली दारू बदलली. झाडण्याचा वेग वाढला, व्हिएतनाममध्ये रायफली अडकू लागल्या. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने त्यावरून लष्कराला धारेवर धरलं. उपायांमध्ये वेग आवरायला आणला तो नवा, जड बफर. दारू बदलली पुढे आणि मलमपट्टी झाली मागे, दस्त्यात. आवरायला निघालेला तो वेग माणसं मारण्याचा होता हे शेडखाली कुणी बोलत नव्हतं. तिथे सगळी चर्चा औंसांची.

गृहस्थांनी ठोकळे पुन्हा भरले, पिन ठोकली, कानाशी धरून एकदा खडखडवून पाहिलं. भाचा तोवर फोनवर गॅस कमीजास्त करता येणारा ब्लॉक शोधू लागला होता. किंमत ऐकून ते म्हणाले, “एवढ्या पैशांची भर घालून आधीच बरी नळी घेतली असतीस. भोक मोठं करून देईन मी, लहान कसं करू?” भाच्याने तरीही ऑर्डर टाकली.